खिडकीखालची टाइल

ताईच्या नवऱ्याला सगळे मिस्त्रीच म्हणत, आणि मिस्त्रीचा एक नियम होता. काम केवढंही असो, शेवटची एक टाइल तो बसवायचा नाही. भिंतीवर कुठेतरी, बघणाऱ्याच्या डोळ्यात खुपेल अशाच जागी, एक चौकोन उघडा ठेवायचा. त्या चौकोनात, आतल्या गिलाव्यावर, पेन्सिलीने सगळ्यांची हजेरी मांडलेली असायची. सगळ्यात वर काम देणाऱ्याचं नाव, आणि तेही ज्याने पैसे द्यायचे त्याच्या हातचं. खाली एकेका माणसाच्या रेघा. पैसे हातात पडले की टाइल बसली. नाही पडले तर घरमालकाने रोज अंघोळ करताना त्या भोकाकडे बघत बसावं आणि ठेकेदाराला फोन करत राहावं, इतकी साधी गोष्ट. हा नियम त्याच्या उस्तादाने त्याला दिला होता. उस्तादाने शिव्यांखेरीज आपल्याला फुकट दिलेली ही एवढी एकच वस्तू, असं मिस्त्री सांगायचा.

टाइल तो बसवायचा आणि सांधे ताई भरायची. लग्नानंतर दोनच वर्षांनी ती त्याच्याबरोबर कामावर जायला लागली, ती आजतागायत. दोन टाइलांमधल्या फटीत पांढरा माल दाबून बोट असं फिरवायची, की रेघ आखून काढल्यासारखी दिसायची. हजेरी लिहायचं कामही तिचंच, कारण मिस्त्रीचं अक्षर दुसऱ्या दिवशी त्याचं त्यालाही लागत नसे.

आता राहिला भुंग्या. भुंग्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा आणि ताई तेराची. दिवसभर तिच्या कानाशी गुणगुण करत तिच्या मागेमागे फिरायचा, म्हणून भुंग्या. ताईचं लग्न झालं तेव्हा दोन पेट्या, एक गादी आणि भुंग्या, असं सामान तिच्याबरोबर आलं. मिस्त्रीने पेट्या उचलल्या, गादी उचलली, आणि भुंग्याला खांद्यावर घेतलं. पोरगं किती दिवस राहणार असं त्याने कधी विचारलं नाही. या एका गोष्टीसाठी ताईने नवऱ्याचे शंभर गुन्हे माफ केले असते. मात्र मिस्त्री गुन्हे करायचाच नाही, त्यामुळे तिची ती माफी तशीच पडून राहिली होती.

मोठा झाल्यावर भुंग्या मिस्त्रीच्या हाताखाली टाइलचं काम शिकला. शिकला म्हणायचं आपलं. हात काही त्याचा कधी बसला नाही. तोंड मात्र असं गोड, की वाकडी टाइल बघूनही मालक त्याला चहा विचारायचे. मग एक दिवस त्याने ठरवलं की आपण कॉन्ट्रॅक्टर व्हायचं. लायसन्सची परीक्षा दोनदा दिली आणि दोन्हीदा आपटला. तिसऱ्यांदा बसायच्या ऐवजी त्याने हप्त्यावर जुनी गाडी घेतली आणि तिच्या दोन्ही बाजूंना मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवून घेतलं: घरबांधणी, दुरुस्ती, रंगकाम, लायसन्स नंबर अमुक अमुक. तो नंबर होता त्याच्या पहिल्या मोटारसायकलचा. पाठ होता म्हणून लिहिला, असं त्याने पुढे सगळ्यांसमोर कबूल केलं. खोटं बोलायचं तर निदान नवा आकडा शोधावा, पण एवढेही कष्ट कोण घेणार.

घरात तेव्हा याचं सगळ्यांना हसूच आलं होतं. मिस्त्री त्याला साहेब म्हणून हाक मारायला लागला. ताईला आतून भलताच अभिमान वाटत होता. पेटीबरोबर सासरी आलेला पोरगा आता गाडीतून उतरतो, याचं तिला कौतुक होतं, आणि त्या कौतुकात नंबर कोणी बघितला नाही.

भुंग्याला मोठं काम मिळालं ते एका निवृत्त नर्सबाईंच्या घराचं. दोन न्हाणीघरं, स्वयंपाकघर आणि मागची पडवी. मिस्त्री आणि ताई टाइलांवर, गिलाव्याला काका, आणि वाळू-सिमेंट उचलायला, कालवायला मावशी. काका आणि मावशी नात्यातले कोणी नव्हेत. काका म्हणजे दहा कामांवर मिस्त्रीबरोबर राबलेला गिलावेवाला. मावशी साठीला टेकलेली, डोक्यावर घमेलं घेऊन जिना चढताना गप्पा मारणारी. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि या कामाच्या पैशांतून ती एका डोळ्याचं ऑपरेशन करणार होती. दुसऱ्याचं पुढच्या कामात, असं म्हणायची. या दोघांना मिस्त्रीने स्वतः जाऊन आणलं होतं. मेहुण्याचं काम आहे, पैशाला मी आहे ना, असा शब्द देऊन.

कामाच्या पहिल्या दिवशी ताईने न्हाणीघराच्या खिडकीखाली हजेरीचा चौकोन आखला आणि पेन्सिल भुंग्याच्या हातात दिली. त्याने आपलं नाव लिहिलं, पुढे ‘कॉन्ट्रॅक्टर’ असं लिहिलं आणि खाली अशी लफ्फेदार सही ठोकली की मिस्त्री म्हणाला, साहेब, अर्धी भिंत तुमच्या सहीलाच गेली. भुंग्या लाजला होता. हा शब्द आपल्या नावापुढे तो पहिल्यांदाच लिहीत होता. ताईने ते बघितलं होतं.

सव्वा महिना काम चाललं. नर्सबाई पैशाला चोख. ठरलेल्या दिवशी ठरलेला हप्ता भुंग्याच्या हातात पडायचा. भुंग्याकडून खाली मात्र थोडीथोडी उचल सुटायची, बाकी शेवटी एकदम देतो म्हणायचा. अशी पद्धत असतेच, म्हणून कोणी तोंड उघडलं नाही.

काम संपायला आलं आणि मिस्त्रीची पाठ धरली. चार दिवस तो घरी जमिनीवर उताणा पडून होता. राहिलेले सांधे भरायला ताई एकटीच गेली. दुपारी भुंग्या आला. खिडकीखालच्या उघड्या चौकोनाकडे बघून म्हणाला, की मालकीणबाई उद्या काम बघायला येणार, शेवटचा हप्ता उद्याच मिळणार, आणि त्या पडल्या नर्स, त्यांना असलं भोक दिसलं की पैसे अडवून धरतील. हजेरी त्याने फोनमध्ये उतरवून घेतली होती म्हणे. तू फक्त ओल्या स्पंजने ते पुसून घे, म्हणजे टाइल नीट धरेल, आणि बसवून टाक. ताई म्हणाली, यांना विचारते. तर म्हणाला, भावोजींची पाठ गेलीय, त्यांना कशाला त्रास. परवा सगळ्यांचे पैसे घरी आणून देतो, तुझ्या गळ्याची शपथ.

आईविना वाढलेल्या भावाने गळ्याची शपथ घेतल्यावर बहीण काय करणार. ताईने स्पंज भिजवला, पिळला, भिंतीजवळ नेला आणि बादलीच्या काठावर ठेवून दिला. पुसलं नाही. का पुसलं नाही ते तिलाही सांगता आलं नसतं. तिला भावावर संशय नव्हता, हे खरं. पण माणसांचे दिवस होते ते, मावशीच्या जिन्याच्या खेपा होत्या, त्यावरून ओला स्पंज फिरवायला हात धजेना. मग तिने टाइल घेतली, मागच्या बाजूला पूर्ण माल पसरायच्या ऐवजी चार कोपऱ्यांना चार गोळे लावले, मधली जागा कोरडी ठेवली आणि टाइल बसवली. असली टाइल आतून पोकळ राहते. मिस्त्रीने बघितलं असतं तर पाठदुखी विसरून तो ताडकन उठून बसला असता.

घरी गेल्यावर ती काही बोलली नाही. परवा पैसे आल्यावर सांगू, म्हणजे बोलणीही कमी खावी लागतील, असा तिचा विचार. परवा आला आणि गेला. मग पुढचा सोमवार, मग महिनाअखेर. भुंग्याचा फोन आधी वाजायचा, मग लागेनासा झाला. तीन आठवड्यांनी मिस्त्री कमरेला पट्टा बांधून नर्सबाईंकडे गेला, तेव्हा त्याला दिसलं की चौकोन बंद झालाय. नर्सबाईंनी तर सगळे पैसे केव्हाच देऊन टाकले होते. मिस्त्री घरी आला, चपला काढल्या आणि कमरेचा पट्टा सोडला. मग म्हणाला, कोणाला तरी आणून बसवून घेतली त्याने. हजेरी खरवडून टाकली असणार.

तेव्हाच सांगायला हवं होतं. ताईच्या अगदी ओठावर आलं होतं. पण सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगायच्या, नियम मी मोडला आणि हजेरी अजून शाबूत आहे. पहिलीने नवऱ्याचं मन मोडणार, दुसरीने भाऊ अडकणार. ती मूग गिळून बसली. आणि अशा गप्प बसण्याचं एक असतं, पहिल्या दिवशी ते तोडायला एक शब्द पुरतो, महिन्याने शंभर शब्दही कमी पडतात.

तक्रार शेवटी काकांनी केली. त्यांच्या कागदावर मिस्त्रीने सही केली आणि मावशीने अंगठा दिला. अंगठा कुठे टेकायचा ते तिला हात धरून दाखवावं लागलं, कारण ऑपरेशनची तारीख निघून गेली होती आणि ती आता भिंतीला हात लावत लावत चालत होती. ताईने सही केली नाही. माझे दिवस मला नकोत, पण भावाविरुद्ध मी लिहून देणार नाही, असं तिने सांगितलं. पैशाला मी आहे ना, हा मिस्त्रीचा शब्द होता, आणि तो शब्द आता रोज संध्याकाळी मावशीच्या रूपाने दारात येऊन बसायचा. ती पैसे मागायची नाही. नुसती येऊन बसायची आणि विचारायची, पाठ बरी आहे का रे तुझी.

कामगार कार्यालयातल्या अधिकारीबाई गुडघेदुखीने हैराण होत्या, पण कामाला पक्क्या. त्यांनी सगळ्यांना समोर बसवून कायदा समजावून सांगितला. पूर्वी बिनलायसन्सचं काम धरलं तर दंड व्हायचा, लोक तो हसत हसत भरायचे आणि दुसऱ्या दिवशी नवं काम धरायचे. आता तो गुन्हा आहे. आणि कामगाराची मजुरी जाणूनबुजून बुडवणं ही सरळ चोरी धरतात. दोन्ही मिळून दोन वर्षांपर्यंत तुरुंग. दोन वर्षं हे शब्द ऐकले आणि ताईने भुंग्याकडे बघितलं.

भुंग्या वकील घेऊन आला होता. इस्त्रीचा शर्ट, नवे बूट. तो ताईकडे बघत नव्हता. त्याने चक्क हात वर केले. मी कॉन्ट्रॅक्टर नाहीच म्हणाला, मी फक्त नर्सबाईंची आणि कारागिरांची ओळख करून दिली. बाईंनी पैसे दिले ते सामानाचे. ही माणसं तिथे किती दिवस होती, होती की नव्हती, मला काय माहीत. नर्सबाईंनीही तोंडी व्यवहार केला होता, पावती नाही की करार नाही. गाडीवरची अक्षरं त्याने आदल्या आठवड्यात पांढऱ्या रंगाने मारून टाकली होती. मोटारसायकलच्या नंबराचं तेवढं त्याने खालमानेने कबूल केलं, पण वकील लगेच म्हणाला, गाडीवर काही लिहिलं म्हणून माणसाने काम घेतलं असं होत नाही. घोडं तिथेच पेंड खात होतं. अधिकारीबाईंनी मिस्त्रीला विचारलं, काही लेखी आहे का. मिस्त्री म्हणाला, होतं, भिंतीवर होतं, यांनी मिटवलं. बाईंनी सुस्कारा टाकला. गुरुवारी जागेवर येऊन बघते, म्हणाल्या, पण काही सापडलं नाही तर मला फाइल बंद करावी लागेल.

बुधवारी दुपारी, मिस्त्री बाहेर गेलेला बघून, भुंग्या ताईकडे आला. स्वयंपाकघरात जमिनीवर भिंतीला टेकून बसला, लहानपणापासून बसायचा तिथेच. ते स्वयंपाकघर एक नमुनाच होतं. वीस वर्षांत वीस घरांच्या उरलेल्या टाइला मिस्त्रीने तिथे लावल्या होत्या. निळ्या, पांढऱ्या, फुलाफुलांच्या, एक तर चक्क माशाचं चित्र असलेली. ताईने चहा दिला. त्याने तो कोमट होईपर्यंत नुसता धरून ठेवला.

मग त्याने सगळं सांगितलं. गाडीचे हप्ते थकले होते. आधीच्या कामाच्या टाइलवाल्याचं देणं होतं. या कामाचे पैसे त्या देण्यात गेले आणि पुढच्या कामाची उचल आली की या लोकांचं भागवणार होता. एका खड्ड्यातली माती काढून दुसरा भरायचा, आणि खड्डा आपला तेवढाच. लबाडी करायची म्हणून नाही केली गं, असं तो म्हणाला, आणि ते खरंही होतं. शेवटी त्याने ते विचारलं ज्यासाठी तो आला होता.

“ताई, तू पुसलं होतंस ना?”

ताई ओट्याशी पाठमोरी उभी होती. “तू सांगितलं होतंस,” ती म्हणाली.

त्याने मोठा श्वास सोडला आणि चहा एका घोटात संपवला. तिने मग विचारलं, मावशीच्या डोळ्याचं काय रे. त्याने मान खाली घातली आणि बूट घालायला लागला. तो गेल्यावर ताई तिथेच बसून पोटभर रडली. शेजारच्यांच्या खिडकीची काच याने फोडली तेव्हा मार हिने खाल्ला होता. शाळेची फी याने खाऊत उडवली तेव्हा हिने बांगडी विकली होती. जिथे जिथे त्याच्यात फट राहिली, तिथे ती बोट फिरवत आली होती. त्याला सरळ बसवायचं कामच कोणी केलं नाही, आणि त्यात मोठा वाटा आपला, हे तिला त्या दिवशी कळलं.

गुरुवारी नर्सबाईंच्या न्हाणीघरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाईंनी आपले टॉवेल आणि साबणाच्या बाटल्या हलवून ठेवल्या होत्या. अधिकारीबाई कमोडच्या झाकणावर कागद घेऊन बसल्या, गुडघ्यांपुढे इलाज नव्हता. काका दाराशी, मावशी काकांचा हात धरून, भुंग्या आणि वकील नळाजवळ, ताई सगळ्यांच्या मागे.

मिस्त्री सवयीप्रमाणे एका कोपऱ्यापासून टाइला बोटाच्या पेराने वाजवत निघाला. हे काय चाललंय, असं अधिकारीबाईंनी विचारलं. तो म्हणाला, भरीव बसलेली टाइल ठक वाजते, पोकळ बसलेली टण वाजते, माझी एक टण वाजलेली दाखवा. ठक, ठक, ठक करत तो खिडकीखाली आला. चौथी टाइल टण वाजली. त्याने परत वाजवली. त्याचा चेहरा रागाने लाल झाला.

“हे माझं काम नव्हे. ज्याने कोणी ही बसवली ना, त्याच्या हातात पुन्हा थापी देऊ नये. चार कोपऱ्यांना चार गोळे, मध्ये वारा. महिन्याभराचा शिकाऊसुद्धा असं करायचा नाही.”

वकिलाने लगेच सांगितलं की बाहेरच्या कोणी बसवली असेल, म्हणजेच हे लोक काम अर्धवट टाकून गेले होते, हे लिहून घ्या. त्याने घड्याळात बघितलं. अधिकारीबाईंनी पेनाला टोपण लावलं. मिस्त्री तर पुढच्या टाइलकडे वळलासुद्धा होता, कारण त्याच्या लेखी आत खरवडलेल्या भिंतीखेरीज काहीच नव्हतं. आता काही न बोलता उभं राहिलं की झालं. फाइल बंद, भाऊ घरी. ताईने मावशीकडे बघितलं. मावशी अंदाजाने खिडकीकडे तोंड करून उभी होती, उजेड तिकडून येतो म्हणून.

“ती मी बसवली,” ताई म्हणाली.

सगळे वळले. मिस्त्रीला आधी कळलंच नाही, त्याचं बोट पुढच्या टाइलवरच होतं.

“आणि आतलं पुसलेलं नाही,” ती म्हणाली.

भुंग्याच्या तोंडचं पाणी पळालं. ताई पुढे झाली. मिस्त्रीच्या पिशवीतून तिने पातं घेतलं, चारही बाजूंचे सांधे, स्वतःच्याच बोटाने भरलेले, कापून मोकळे केले. मग पातळ पट्टी टाइलमागे सरकवून हळूच दाबली. चार कोपरे एकेक करत सुटले आणि टाइल अख्खीच्या अख्खी तिच्या तळहातांवर आली. एक टवकासुद्धा उडाला नाही.

आत हजेरी होती. वर भुंग्याचं नाव, त्यापुढे ‘कॉन्ट्रॅक्टर’, खाली ती लफ्फेदार सही आणि तारीख. त्याखाली पाच-पाचच्या जुड्यांत रेघा. अधिकारीबाई गुडघे विसरून उभ्या राहिल्या. त्यांनी फोटो काढले, मग एकेक ओळ मोठ्याने वाचून उतरवून घेतली. काकांचे डोळे भरून आले. मावशीने विचारलं, माझे किती निघाले गं. छत्तीस, असं ताईने सांगितलं.

“सदतीस नव्हते?” मावशी म्हणाली. मग तिने बोटांवर मोजून बघितलं. “नाही, छत्तीसच. एक दिवस मी ताप काढला होता.”

अधिकारीबाईंनी ताईकडे वळून विचारलं, ही टाइल तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून बसवलीत. आवाजात धमकी नव्हती, पण पेनाचं टोपण निघालेलं होतं. ताईने टाइल छातीशी धरली. तिच्या हातून जेवढं होणार होतं तेवढं झालं होतं, यापुढचा शब्द तिच्या तोंडून निघत नव्हता.

“माझ्या,” भुंग्या म्हणाला. वकिलाने त्याची बाही ओढली, ती त्याने सोडवून घेतली. “पुसायलाही मीच सांगितलं होतं. काम मी घेतलं, पैसे मी घेतले. ताईला यात नका घेऊ. तिला मी खोटी शपथ घातली होती, तिच्याच गळ्याची.”

एवढं बोलून तो नळाशेजारी खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. नर्सबाईंनी आयुष्यभराच्या सवयीने त्याच्यापुढे एक टॉवेल धरला.

पुढे व्हायचं ते झालं. गाडी विकली. सगळ्यांची मजुरी, वर दंड, सगळं चुकतं झालं. मावशीने एकाऐवजी दोन्ही डोळ्यांच्या तारखा घेतल्या आणि भुंग्याला निरोप धाडला, की सुटून ये, तुला नीट बघायचंय. पैसे दिले आणि सगळं कबूल केलं म्हणून न्यायाधीशांनी दोन वर्षांचे चार महिने केले. आत नेण्याआधी त्याने ताईला एवढंच विचारलं, तू चार कोपऱ्यांनाच माल लावलास, मी असा वागणार हे तुला माहीत होतं का.

“नाही रे,” ती म्हणाली. “हात तसा गेला.”

नर्सबाईंची टाइल ताईने जाऊन परत बसवली, या खेपेला पूर्ण माल पसरून. मिस्त्रीने ती वाजवून बघितली आणि मान हलवली. पण घरी तो तिच्याशी बोलत नव्हता. गुरुवारपासूनच बोलत नव्हता. भावासाठी तू गप्प बसलीस हे मी समजू शकतो, एवढंच तो एकदा म्हणाला होता, पण इतके महिने मला मूर्खासारखा भिंतीशी भांडू दिलंस. ती त्याला वेळेवर जेवायला वाढायची आणि तो वेळेवर जेवायचा, एवढाच काय तो संसार उरला होता.

भुंग्याला आत नेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात गेली तर शेगडीमागची माशाची टाइल गायब. खाली केरसुणीने अर्धवट गोळा केलेले तुकडे. आणि उघड्या चौकोनात, मिस्त्रीच्या त्या भयंकर अक्षरात, एक नाव. ते वाचायला तिला थोडा वेळ लागला. भुंग्या. नावापुढे एक रेघ.

मिस्त्री दाराशी बसून पाठीचा पट्टा आवळत होता.

“अहो, चांगली टाइल होती की. का काढली?” तिने विचारलं.

“पोकळ वाजत होती,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

पोकळ टाइल अशी तुकड्यातुकड्यांनी निघत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तिने चहा टाकला, दोन कप, आणि एक त्याच्या शेजारी नेऊन ठेवला.

“सुटून आला की त्यालाच बसवायला लावू,” मिस्त्री म्हणाला. “सरळ बसेपर्यंत जेवायला वाढायचं नाही. तू मध्ये पडायचं नाहीस.”

“नाही पडणार,” ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशीची रेघ तिने मारली. पेन्सिल शेगडीजवळ काड्यापेटीशेजारीच ठेवली, म्हणजे रोज हाताशी राहील.